दोरावरच्या सगळ्यांना विचार

प्रिय मुली,

तुझे पत्र आणि पहिल्या दोन प्रकरणांचा मसुदा मिळाला. 1996 सालच्या एव्हरेस्ट दुर्घटनेवरची दोन पुस्तके, जॉन क्राकौरचे ‘इन्टू थिन एअर’ आणि त्यापाठोपाठ अनातोली बुक्रेयेव्हचे ‘द क्लाइम्ब’, वाचल्यावर कोणावर विश्वास ठेवावा हेच कळेनासे झाले, असे तू लिहितेस. तुझी खरी अडचण वेगळी आहे. परत फिरण्याचा निर्णय कोणी घेतला याच्या तुमच्या मोहिमेत तिघांच्या तीन कथा आहेत, चौथा हिमदंशाने बोटे गमावून घरी बसला आहे आणि त्या विषयावर बोलत नाही, आणि प्रकाशकाला पुस्तक दिवाळीच्या आत हवे आहे. मग आपल्याला आठवते ते प्रामाणिकपणे लिहून मोकळे व्हावे का, असे तू विचारतेस. होऊ नयेस. दोरावरच्या प्रत्येकाला विचारल्याशिवाय त्या दिवसाबद्दलचे एकही वाक्य छापायला देऊ नयेस.

‘प्रामाणिकपणे’ या शब्दावर तुझी फार भिस्त दिसते, म्हणून अँडी हॅरिसची हकिकत पुन्हा सांगतो. तू ती वाचली आहेस, पण बहुधा घाईत. क्राकौर 1996 साली एव्हरेस्टवर गेला तो ‘आउटसाइड’ मासिकासाठी. पैसे घेऊन गिऱ्हाइकांना शिखरावर नेणाऱ्या मोहिमांवर त्याला लेख लिहायचा होता. 10 मे रोजी शिखरावरून उतरताना वादळाने गाठले, आणि संध्याकाळी साउथ कोल या शिखराखालच्या खिंडीतले तंबू जवळ आलेले असताना, शेवटच्या निसरड्या उतारापाशी, त्याला एक माणूस भेटला. हा आपल्याच संघाचा न्यूझीलंडचा गाइड हॅरिस, अशी त्याची खात्री होती. दोघांचे बोलणेही झाले. तो माणूस बर्फावरून घसरत खाली गेला, पुन्हा उभा राहिला आणि तंबूंच्या दिशेने चालू लागला, हे क्राकौरने पाहिले. हॅरिस सुखरूप पोहोचला, हे त्याचे सांगणे बेस कॅम्पपर्यंत गेले. सकाळी हॅरिस तंबूत नव्हता. तेव्हा तो अंधारात कोलच्या कडेवरून खाली गेला असावा, अशी क्राकौरने मनाशी जुळणी केली, आणि ती अगदी पटण्यासारखी होती.

घरी परतल्यानंतर दुसऱ्या संघातल्या मार्टिन अॅडम्सशी बोलताना त्याच्या लक्षात आले की, त्या उतारावर भेटला तो हॅरिस नव्हताच. तो अॅडम्स होता. हॅरिस त्या वेळी कितीतरी वर होता, संघाचा प्रमुख रॉब हॉल याच्या मदतीसाठी पुन्हा चढून गेला होता. त्याची आइस अॅक्स, म्हणजे बर्फातली कुऱ्हाड, पुढे मुख्य शिखराच्या अलीकडच्या साउथ समिटजवळ सापडली. क्राकौर खोटे बोलत नव्हता. तो सत्तावन्न तास झोपलेला नव्हता, त्याचा ऑक्सिजन संपलेला होता, आणि त्याच्या डोक्याने समोरच्या बर्फाने माखलेल्या चेहऱ्याला ओळखीचे नाव देऊन टाकले. ही चूक त्याच्या प्रामाणिकपणाने उघडकीस आणली नाही. अॅडम्सशी बोलणे झाले म्हणून ती उघडकीस आली. ती त्याने पुस्तकात सविस्तर लिहिली, याबद्दल मला त्याच्याविषयी आदर आहे, आणि त्याच्या बाकीच्या निष्कर्षांशी भांडतानाही तो कमी होत नाही.

तू म्हणशील, आम्ही सहा हजार मीटरच्या शिखरावर होतो, एव्हरेस्टवर नव्हे. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो, हे कोर्समध्ये शिकवले होते ना? त्यात रात्री एक वाजता निघालेली तुमची पलटण, गोठलेले पाणी आणि पोटात काही नाही. अशा डोक्याने टिपलेले दृश्य म्हणजे पुरावा नव्हे.

क्राकौरचे ‘आयगर ड्रीम्स’ (1990) तुला मीच दिले होते. त्यातला नावाचा लेख आयगरच्या उत्तर भिंतीवरून माघारी फिरण्याचा आहे, तेव्हा शिखर मिळाले नाही म्हणून पुस्तक कसे होणार, ही तुझी काळजी सोडून दे. त्याच पुस्तकात अलास्कातल्या डेव्हिल्स थम्बची 1977 सालची एकट्याची चढाई आहे: वडिलांकडून मागून आणलेला तंबू पेटतो, उत्तर भिंत जमत नाही, आणि अखेर तो दुसऱ्या, सोप्या बाजूने चढतो. हीच कथा त्याने पुढे ‘इन्टू द वाइल्ड’मध्ये पुन्हा सांगितली. तुझा मसुदा त्या सुरात आहे, आणि तो सूर तुला जमतोही. पण तिथे तो एकटा होता. कोणाला विचारायचे? तू एकटी नव्हतीस. चौघांच्या दोराची गोष्ट एकटीच्या सुरात लिहिणे म्हणजे उरलेल्या तिघांना सामान समजणे होय, आणि हे मी मुद्दाम कठोरपणे लिहितो आहे.

अॅडम्सच्या संघाचा गाइड बुक्रेयेव्ह याचेही तेच. शिखरावरून तो आपल्या गिऱ्हाइकांच्या आधी खाली आला, यावर क्राकौरने टीका केली. त्याच रात्री वादळात एकटा बाहेर पडून त्याने तिघांना जिवंत आणले, हेही क्राकौरने लिहिले. लवकर उतरण्याचे आपल्या संघाचा प्रमुख स्कॉट फिशर याच्याशी ठरले होते, असे बुक्रेयेव्हचे म्हणणे. फिशर त्याच वादळात गेला होता, म्हणजे त्या दोघांमधल्या बोलण्याचा एकच साक्षीदार उरला. मग 25 डिसेंबर 1997 रोजी अन्नपूर्णेवर हिमप्रपातात बुक्रेयेव्हही गेला. नंतरच्या आवृत्तीत क्राकौरने आपली उत्तरे जोडली खरी, पण ज्याला द्यायची तो नव्हता. वाचक आजही दोन तट करून भांडतात. थोडे थांब, दोन-तीन वर्षे जाऊ दे, असे क्राकौरला त्याच्या माहितीतल्या लेखकांनी आणि संपादकांनी सुचवले होते. तो सल्ला बरोबर असल्याचे मान्य करूनही आपण थांबलो नाही, असे तो स्वतःच प्रस्तावनेत लिहितो. तुझ्या प्रकाशकाला ते पान वाचायला दे.

आणखी एक गोष्ट इथे कोणी बोलत नाही, म्हणून सांगतो. 1996 च्या त्याच वादळात एव्हरेस्टच्या तिबेटच्या बाजूला इंडो-तिबेटन बॉर्डर पोलिसांचे तीन गिर्यारोहक मरण पावले: त्सेवांग स्मान्ला, दोर्जे मोरुप आणि त्सेवांग पाल्जोर. तिघेही लडाखचे. त्यांना संकटात पाहूनही एक जपानी तुकडी पुढे निघून गेली, असा आरोप झाला, आणि त्या तुकडीने तो नाकारला. खुद्द तिघे शिखरावर पोहोचले की अलीकडेच थांबले, यावरही वाद आहे. त्यांना विचारणे आता शक्य नाही. आपल्याकडे 1996 म्हटले की हॉल आणि फिशर आठवतात. आपल्याच माणसांची बाजू मात्र दोन-चार ओळींत उरकली जाते.

माझ्या गढवालच्या मोहिमेचे पुस्तक आले नाही, हे तुला क्लबमध्ये कोणीतरी सांगितलेच असेल, आणि मी घाबरलो, असेही सांगितले असेल. माझ्या ट्रंकेत तिघांच्या वह्या आहेत, पेन्सिलीने लिहिलेल्या, कारण त्या थंडीत बॉलपेन चालत नव्हते. परत फिरल्याची वेळ एकाने सव्वादोन लिहिली आहे. दुसऱ्याने वेळ न लिहिता ‘ऊन खांद्यामागे गेले’ एवढेच लिहिले आहे, आणि त्या कड्यावरून ऊन सव्वादोनला जाणे शक्य नव्हते. हा फरक सोडवू शकेल असा एकच माणूस होता, आमचा मनालीचा पोर्टर, जो दोराच्या शेवटी होता. त्याच्या गावी पत्रे टाकली, माणसे पाठवली, आणि निरोप आला तो त्याच्या मृत्यूचा. त्याच्याशिवाय पुस्तक काढा, असा आग्रह फार झाला. मी नाही म्हटले, आणि आजही नाहीच म्हणेन. लोकांना तो हट्ट वाटतो. वाटू दे. पुस्तक न आल्याचे दुःख मला इतरांपेक्षा जास्त आहे, कारण ती पाने वाईट नव्हती.

तुझ्याकडे चौघेही जिवंत आहेत. शिवाय तुमचा कूक आहे. तुम्ही परतल्यावर कोण काय बोलले हे त्याने चहा देताना ऐकले असेल, आणि तुझ्या मसुद्यात त्याचे नावसुद्धा नाही! आधी त्याला फोन कर. मग बोटे गेलेल्या मुलाकडे जा, रेकॉर्डर न घेता. तो बोलला नाही तर पुन्हा जा. त्याच्यासंबंधीची पाने त्याला वाचून दाखव. तुझी वाक्ये खोडण्याचा अधिकार त्याला नाही, पण त्याचे म्हणणे वेगळे असेल तर ते त्याच्या शब्दांत, त्याच्या नावाने, तुझ्या म्हणण्याशेजारी छापले गेले पाहिजे. तिघांच्या तीन वेळा जुळल्या नाहीत तर तिन्ही छाप.

तिसरे प्रकरण एवढ्यात पाठवू नकोस. प्रकाशकाला कळव की दिवाळी साधणार नाही. त्याला हवे असल्यास माझा नंबर दे. भांडायला मला वेळ आहे.

तुझा,
काका