व्यक्तिचित्राची ऑर्डर आणि अडकणारे पैसे

प्रश्न : मी तैलरंगात व्यक्तिचित्रं करते. चित्र पूर्ण झाल्यावर ग्राहक बदल सांगत राहतात आणि पैसे अडकतात. दर कसा लावू?

उत्तर : दर चौरस इंचावर ठेवा. १८ × २४ इंच म्हणजे ४३२ चौरस इंच. २५ रुपये दराने १०,८०० रुपये. दुसरी व्यक्ती, फ्रेम आणि पाठवणी यांचे पैसे वेगळे. निम्मी रक्कम कॅनव्हास ताणण्यापूर्वीच घ्या. साम्याचे वाद टाळायचे तर रंग लावण्याआधी रेखाटनाचा फोटो पाठवून लेखी होकार मिळवा आणि तेव्हा आणखी ३० टक्के घ्या. उरलेले २० टक्के चित्र हातातून सोडण्याआधी. रंगानंतर फक्त एकदा किरकोळ बदल मोफत, हे आधीच लिहा. ग्राहकाने दिलेला फोटो धूसर असेल तर काम घेऊच नका. नाक-डोळे अंदाजाने रंगवले की तक्रार ठरलेलीच.

एक गोष्ट फार जणींना माहीत नसते : पैसे घेऊन सांगितल्याबरहुकूम काढलेल्या चित्राचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, १९५७च्या कायद्यानुसार ग्राहकाकडे जातो. प्रिंट विकायच्या असतील तर तसं कलम करारात घाला.