जबड्याच्या हाडाच्या आत लाळग्रंथीची गाठ कशी काय होते, आणि ती ओळखतात कशी?

होते, पण क्वचित. त्यातला नेहमी सापडणारा प्रकार म्हणजे म्युकोएपिडर्मॉइड कार्सिनोमा, म्हणजे श्लेष्मा (चिकट स्राव) बनवणाऱ्या पेशी असलेला लाळग्रंथीचा कर्करोग, बहुधा खालच्या जबड्यात, दाढांच्या मागच्या बाजूला. हाडात लाळग्रंथी नसते, मग गाठ येते कुठून? बऱ्याच जणांच्या मते दाताभोवतीच्या सिस्टच्या (द्रव भरलेल्या पिशवीच्या) अस्तरातल्या पेशी बदलून श्लेष्मा बनवू लागतात. अडकलेली अक्कलदाढ किंवा जुनी सिस्ट अनेकदा जोडीला असते.

एक्स-रेवर भरवसा ठेवू नका. तिथे ती अमेलोब्लास्टोमा (दात घडवणाऱ्या पेशींची जबड्यातली गाठ) किंवा साध्या सिस्टसारखीच दिसते. गाठ हाडातच सुरू झाली का हे ठरवायला सीटी स्कॅनमध्ये हाडाची बाहेरची भिंत शाबूत आहे का ते पाहतात. मात्र वाढलेली गाठ ती भिंत फोडूही शकते. खरं उत्तर बायॉप्सीतच. म्युसिकार्माइन रंगाने पेशींतला श्लेष्मा उठून दिसतो.

खरी पंचाईत ग्लँड्युलर ओडोन्टोजेनिक सिस्टची, म्हणजे दाताच्या पेशींपासून होणाऱ्या, ग्रंथीसारख्या दिसणाऱ्या सिस्टची. सूक्ष्मदर्शकाखाली ही सिस्ट आणि तो कार्सिनोमा जवळजवळ सारखे, त्यात नमुना छोटा असेल तर अनुभवी पॅथॉलॉजिस्टही अडतो. अशा वेळी फिश (FISH, पेशींतले जनुकीय बदल चमकत्या रंगाने दाखवणाऱ्या) तपासणीत एमएएमएल२ जनुकातला बदल सापडला, तर कौल कार्सिनोमाकडे. न सापडल्याने मात्र तो नाकारता येत नाही. शिवाय नेहमीच्या लाळग्रंथींत मूळ गाठ नाही ना, हेही तपासावंच लागतं.

सिस्ट काढल्यावर ती पॅथॉलॉजीला पाठवलीच पाहिजे, टाकून देऊ नये.