ऑगस्टमध्ये अथेन्सहून नाक्सोस आणि सँटोरिनी या ग्रीक बेटांवर जायचंय. हायस्पीड बोट घ्यावी की साधी मोठी फेरी (फेरीबोट)?

मोठी फेरीच घ्या. अथेन्सच्या पिरेअस बंदरातून सँटोरिनीला हायस्पीड साधारण पाच तासांत पोहोचते, मोठी आठेक तास घेते. पण जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर मेल्तेमी हा उत्तरेचा वारा सुटतो. तेव्हा हायस्पीड जास्त हेलकावते आणि बहुधा आधी तीच रद्द होते. शिवाय मोठ्या फेरीला उघडा डेक असतो. सँटोरिनीत शिरताना ज्वालामुखीचे उभे काळे-तांबडे कडे आणि माथ्यावरची पांढरी घरं तिथून बघायलाच हवीत! नाक्सोसला बोट जेमतेम काही मिनिटं थांबते, म्हणून बंदर दिसू लागलं की सामान घेऊन खाली गाड्यांच्या मजल्यावर उभे राहा. आणि परतीचं विमान फेरीच्याच दिवशी ठेवू नका, शेवटची रात्र अथेन्सलाच काढा.