कोल्हापुरात एवाय-३-८९१२ ही आवाज काढणारी चिप मिळेना. तिच्यावर वाजणारं स्पेक्ट्रम १२८ या जुन्या घरगुती संगणकाचं संगीत नुसत्या अर्डुइनो उनो या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डवर वाजेल का?

वाजेल, आणि ओळखू येण्याइतकं चांगलं वाजेल. फक्त अर्डुइनोची टोन() ही तयार आज्ञा वापरू नका, त्यातून एका वेळी एकच सूर निघतो. मूळ चिपमध्ये तीन चौकोनी लहरी, एक नॉइज (खरखर) आणि एक एन्व्हलप (आवाजाचा चढउतार ठरवणारा भाग), एवढंच आहे. मी हे पिन ११ वर चालवलंय:

- टायमर २: ६२.५ किलोहर्ट्झ पीडब्ल्यूएम (पिन झपाट्याने चालू-बंद करून आवाजाची पातळी ठरवणं)
- टायमर १: सेकंदाला १६,००० इंटरप्ट (चालू काम थांबवून छोटं काम करून घेणं), प्रत्येकात तिन्ही लहरींची बेरीज
- पिनपुढे १ किलोओहमचा रेझिस्टर आणि १० नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर, मग ॲम्प्लिफायर. हे सुटे भाग राजारामपुरीपर्यंत न जाताही जुन्या रेडिओत सापडतील!

आवाजाच्या १६ पायऱ्या सरळ रेषेत चढत नाहीत, त्यांचा तक्ता घाला. मी आधी सरळ भागाकार केला, तर हळू आवाजातले सूरसुद्धा बोंबलायला लागले. खरी अडचण जागेची. चिपची १४ रजिस्टरं (सूर आणि आवाज ठरवणारे आकडे ठेवायचे कप्पे) सेकंदाला ५० वेळा लिहायची म्हणजे सेकंदाला ७०० बाइट. उनोची ३२ केबी फ्लॅश मेमरी ४०-४५ सेकंदांत संपते. त्यामुळे फक्त बदललेली रजिस्टरं साठवा किंवा एसडी कार्ड जोडा. कमोडोर ६४ या दुसऱ्या जुन्या संगणकाची सिड ही आवाजाची चिप मात्र उनोवर हुबेहूब होणार नाही, तिचा ॲनालॉग फिल्टर आड येतो.