वाचकांचे प्रश्न: चुका नाहीत, मग हू-विच जमलं का?

प्रश्न: मी राजारामपुरीत स्पोकन इंग्लिशचे क्लास घेते, आता ऑनलाइन तैवान आणि चीनमधले काही विद्यार्थीपण असतात. माझी इथली मुलं हू-विच लावून वाक्यं जोडताना सारखी चुकतात, 'द बॉय हू ही केम' असं काहीतरी बोलतात, पण ही चिनी बोलणारी मंडळी त्यात चुकतच नाहीत. त्यांना जमलंय असं धरून पुढं जाऊ का?
– एक शिक्षिका, कोल्हापूर

उत्तर: नको ताई, थोडं थांबा. त्यांनी लिहिलेलं सगळं काढा, लाल पेन बाजूला ठेवा आणि एवढंच मोजा की हू, विच, दॅट घातलेली वाक्यं मुळात आहेत किती. बहुतेक फारच थोडी सापडतील, आणि जे माणूस वापरतच नाही त्यात तो चुकणार कसा? १९७४ साली भाषाशास्त्रज्ञ जॅकलिन शॅक्टर यांनी नेमकं हेच दाखवलं, वेगवेगळ्या भाषांच्या विद्यार्थ्यांचे गट घेतले, प्रत्येक गटाचे ५० इंग्रजी निबंध तपासले, तर चिनी गटात अशी वाक्यं निघाली ७६ आणि चुका ९, फारसी गटात वाक्यं १७४ आणि चुका ४३. नुसत्या चुका बघितल्या तर चिनी गट हुशार वाटतो, पण ते ही रचना टाळत होते.

टाळतात कारण त्यांच्याकडं सगळं इंग्रजीच्या उलटं असतं. 'वो माय द शू' म्हणजे मी घेतलेलं पुस्तक, आणि क्रम बघा, अगदी आपल्यासारखा, वर्णन आधी, पुस्तक शेवटी, मधला 'द' आपल्या '-लेलं'चं काम करतो. इंग्रजीत पुस्तक आधी येतं आणि मग 'दॅट आय बॉट'. पण आपल्याकडं 'जो मुलगा काल आला तो' अशी दुसरी सोयपण आहे, चिनीत 'जो'सारखा शब्दच नाही. आपली पोरं 'हू' म्हणजे 'जो' धरून बिनधास्त बोलतात आणि चुकतात, मला तरी ते चांगलं लक्षण वाटतं.

चिनी विद्यार्थी बोलायला लागले की दोन चुका हमखास येतील. एक, 'आय हॅव अ फ्रेंड लिव्ज इन शांघाय', यात हू गायब, कारण चिनीत हे असंच सलग बोलतात. दुसरी, 'द मॅन दॅट आय टॉक्ड टू हिम', कारण चिनीत अशा जागी 'त्याच्याशी' ठेवावंच लागतं.

त्यांना टाळताच येणार नाही असं काम द्या. रंकाळ्यावरच्या गर्दीचा एक फोटो घ्या ज्यात चार-पाच बायका साधारण सारख्याच दिसतात, एकानं सांगायचं आणि दुसऱ्यानं ओळखायचं, मग 'द वुमन हू इज बायिंग भेळ' म्हटल्याशिवाय सुटका नाही. सुरुवातीला चुका वाढतील, वाढू द्या.

आणि सोप्यावरच महिनाभर अडकू नका. कीनन आणि कॉमरी या भाषाशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये अशा वाक्यांची सोप्याकडून अवघडाकडं जी उतरंड मांडली तिच्यात 'द मॅन हू केम' सगळ्यात सोपं, मग 'द मॅन आय सॉ', 'द मॅन आय टॉक्ड टू' त्याहून अवघड, 'हूज' अजून पुढं. आपल्याला वाटतं सोप्यापासून चढत जावं, पण १९८८ मध्ये एकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजी शिकणाऱ्यांना ते 'टू'वालं अवघड शिकवून बघितलं तेव्हा न शिकवलेली सोपी वाक्यंपण त्यांना यायला लागली. म्हणून मी तर म्हणेन 'टॉक्ड टू' पहिल्याच आठवड्यात घ्या, इथल्या मुलांनापण.