‘दुर्मिळ माती’ चमकते का?

विचारणा अशी: ‘फ्लुरोसंट रेअर अर्थ मटेरियल’ वापरून सौरघटाची (सोलर सेलची) कार्यक्षमता वाढवता येते. याच्या मराठीत ‘चमकणारी दुर्मिळ माती’ असं लिहिलं तर चालेल का?

नाही चालणार. ‘रेअर अर्थ’ म्हणजे सिरियम, युरोपियम, अर्बियम अशा मूलद्रव्यांचा गट; ती माती नाही आणि म्हणावी तितकी दुर्मिळही नाही. जुन्या युरोपीय रसायनशास्त्रात सहजी न वितळणाऱ्या, पाण्यात न विरघळणाऱ्या ऑक्साइडांना ‘अर्थ’ म्हणत. १७९४ साली रसायनशास्त्रज्ञ योहान गादोलिननं स्वीडनमधल्या इटर्बीच्या काळ्या दगडातून असंच एक नवं ‘अर्थ’ शोधलं. आपल्या लोहभस्म, जसदभस्म यांतला ‘भस्म’ त्याला मातीपेक्षा कितीतरी जवळचा. पण ‘विरल मृदा’ आता रुळलंय, तेच राहू द्या. राहिलं दुर्मिळपण, तर त्यातलं सिरियम भूकवचात जवळपास तांब्याइतकं आहे. अडचण ही की ही मूलद्रव्यं एका जागी भरघोस सापडत नाहीत आणि एकमेकांपासून सुटता सुटत नाहीत.

‘चमकणारी’नं मात्र अर्थच बदलतो. घासलेलं भांडं चमकतं. ट्रकमागचा ‘रेडियम’चा पट्टाही चमकतो (रेडियम त्यात औषधालाही नसतं!), पण तो आलेला प्रकाश नुसता परत पाठवतो. फ्लुरोसंट पदार्थ एक प्रकाश गिळतो आणि दुसऱ्याच रंगाचा बाहेर टाकतो. नोट तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली नोट धरा, एरवी न दिसणारे तंतू उजळतात. न दिसणारे अतिनील किरण आत गेले, दिसणारा प्रकाश बाहेर आला. यासाठी ‘प्रतिदीप्ती’ हा नेमका शब्द आहे.

सौरघटाला हेच हवं असतं. अतिनील किरणांतली बरीच ऊर्जा सौरघटातल्या सिलिकॉनमध्ये उष्णता होऊन वाया जाते. वर युरोपियमचा थर असेल तर तो ते किरण शोषून ६११ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा तांबडा प्रकाश खाली सोडतो, तो सिलिकॉनला चांगला पचतो. अर्बियमची तऱ्हा उलटी: सिलिकॉनला निरुपयोगी अशा दोन अवरक्त (इन्फ्रारेड) फोटॉनांची, म्हणजे प्रकाशकणांची, ऊर्जा जोडून ते एक कामाचा फोटॉन देतं. त्याला प्रतिदीप्ती म्हणू नये, ‘ऊर्ध्वरूपांतरण’ म्हणावं.

तर तुमच्या वाक्यात ‘विरल मृदा मूलद्रव्यांचे प्रतिदीप्त पदार्थ’ लिहा. आणि पुढे ‘फॉस्फर’ (ऊर्जा शोषून प्रकाश देणारा पदार्थ) आलं तर तिथे ‘स्फुरद’ घालू नका. ते नत्र-स्फुरद-पालाशमधलं, म्हणजे फॉस्फरस हे मूलद्रव्य. आधुनिक ट्यूबलाइटच्या आतल्या पांढऱ्या भुकटीत तांबडा रंग देणारं इट्रियम ऑक्साइड आणि युरोपियमचं फॉस्फर असतं, त्याच्या घडणीत स्फुरद नाहीच.