'कांपानेल्ला' आधी की बॅलड?

भावा, पियानोवर संगीतकार लिस्टचं 'ला कांपानेल्ला' अवघड की शोपँचं जी मायनर बॅलड (त्याच्या चार बॅलडांतलं पहिलं), याचं एका शब्दात उत्तर नाही. कांपानेल्लात (१८५१ ची आवृत्ती) उजव्या हाताला सप्तकाहून मोठ्या उड्या आहेत, पण त्या समोर दिसतात. सावकाश घोटल्या की हात बसतो. करंगळी ताठली की उडी चुकलीच म्हणून समज. बॅलडचं दुखणं वेगळं. बरीच पानं झेपतात म्हणून पोरं हुरळतात आणि शेवटच्या 'प्रेस्टो कॉन फुओको'ला (अतिजलद, आगीसारख्या जोशात वाजवायच्या भागाला) हात दगड होतो. तो कोडाच (शेवटचा तुकडा) आधी बसव, मग मागे ये.

शोपँचं चौथं बॅलड (१८४२) आत्ता नकोच. एकाच वेळी चालणाऱ्या ओळी वेगवेगळ्या ऐकवायच्या म्हणजे बोटांपेक्षा कानाचं काम. माझ्या मते चारही बॅलडांत तेच सगळ्यात जड.

तुला शोपँचंच 'फँटसी-इम्प्रॉम्प्टू' बरं. डाव्या हाताच्या तीन सुरांच्या वेळात उजव्याचे चार बसले की निम्मं काम झालं. त्यासाठी ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड पुरणार नाही, ८८ च हव्यात. आणि आपल्या कोल्हापूरच्या पावसात लाकडी पियानोच्या पट्ट्या फुगून अडकतात, जुलैत हात जड वाटला तर आधी वाद्य तपास.